श्यामरावांचे कष्ट

माझ्या सासऱ्यांबद्दल आता चार चांगले शब्द बोलावेत, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलंय. त्यांच्यापैकी एकालाही त्यांच्याबरोबर एका घरात राहावं लागलेलं नाही. मी राहिले. तेव्हा मी सांगेन ते चांगलं असेलच असं नाही, पण खरं असेल.

श्यामराव तासगावकर ऐन तारुण्यात कोलकात्याजवळच्या बजबजच्या तेलाच्या डेपोत नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मधे कंपनीने त्यांची बदली करून पाहिली होती, पण जिथे पाठवलं तिथल्या साहेबांनी त्यांना परत पाठवलं. निवृत्त झाल्यावर कोलकात्यातली मराठी मंडळी पुण्याला जातात. हे गेले नाहीत. "पुण्यातली माणसं मला सहन होत नाहीत," असं सगळ्यांना सांगायचे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती, आणि ती त्यांच्या दोन्ही भावांनी मला माझ्या लग्नाच्या मांडवातच सांगून टाकली होती.

एवढी वर्षं या गावात काढली, पण बंगालीचा एक शब्द तोंडातून निघू दिला नाही. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या घोषबाबूंशी हिंदीतच भांडायचे. ती हिंदी म्हणजे मराठीच, शेवटी 'है' चिकटवलेली. कोणी म्हटलं की शिका थोडं बंगाली, तर म्हणायचे, "मी इथे नोकरीला आलोय, दत्तक नाही."

मी मात्र इथलीच. वडील बँकेत होते, मी शाळेत गेले ती इथे, मैत्रिणी सगळ्या बंगाली. घरात मराठी होतं, पण त्यात बंगालीची भेसळ होती. बंगालीत पाणी 'खातात', सिगारेटसुद्धा 'खातात'. तासगावकर मंडळी मला बघायला आली तेव्हा मी ट्रे पुढे करून विचारलं, "आधी पाणी खाणार का?" सासूबाई हसल्या आणि तिथेच विसरल्या. श्यामराव विसरले नाहीत. त्या दिवसापासून मी समोर आले की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "काय सूनबाई, पाणी खाल्लं का?" पाहुण्यांसमोर, माझ्या आईसमोर, माझ्या मुलीच्या बारशात. पाव शतक मी ते वाक्य ऐकलं. पहिल्या दिवशी त्या वाक्याचा जेवढा संताप आला होता, तेवढाच शेवटपर्यंत येत राहिला.

त्यांचं दुसरं वाक्य सगळ्या जगासाठी होतं. "कष्ट केलेत मी, कष्ट!" वरणात मीठ कमी पडलं, टीव्हीचा रिमोट सापडला नाही, कोणी त्यांच्या आधी पेपर उघडला, की निघालंच. बाहेरच्यांसाठी त्याचं भाषांतर तयार असे, "हमने कष्ट किया है, कष्ट!" छातीवर मूठ आपटून.

आता हेही सांगते, की केले होते. वडील लहानपणी गेलेले, तासगावात दुसऱ्यांच्या मळ्यात द्राक्षं वाहून शिकलेला माणूस. डेपोत ते टाक्यांच्या आणि पाइपांच्या विभागात होते. तिथे उन्हाळ्यात पत्रा हाताला लागला की फोड यायचा. त्यांचा एक नियम होता. व्हॉल्व्ह उघडायचा तो मोठ्याने बोलून. उघडणाऱ्याने म्हणायचं, "तीन नंबर, उघडतोय." समोरच्याने तेच परत म्हणायचं, आणि मगच हात लावायचा. न बोलता व्हॉल्व्हला हात लावणाऱ्याला ते अख्ख्या शिफ्टसमोर सोलून काढायचे. त्यांच्या विभागात कधी आग लागली नाही आणि त्यांच्या विभागातला एकही माणूस त्यांच्या निरोप समारंभाला हौसेने आला नव्हता.

डेपोत शिरताना काड्यापेटी फाटकावर जमा करावी लागे. ती नियमाने जमा करणारे श्यामराव सुटल्यावर पहिल्यांदा तीच परत घ्यायचे आणि समोरच्या चहाच्या टपरीवर एकावर एक सिगारेटी ओढायचे. आत डोळ्यांत तेल घालून आगीची राखण केली आणि बाहेर येऊन स्वतःच्या छातीत धूर भरला. सत्तरी ओलांडेपर्यंत फुप्फुसं पार कामातून गेली. जिना चढवेना, मग आंघोळही बसून, मग नाकात नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र.

सासूबाई, विजया त्यांचं नाव, होत्या तोवर निभावलं. त्या गेल्या आणि घरात फक्त आम्ही तिघं उरलो. माझी मुलगी बंगळूरला, मी आणि माझा नवरा क्षितिज दिवसभर सॉल्ट लेकच्या ऑफिसात. दिवसाच्या आया ठेवल्या, सासऱ्यांनी एकेकीला पळवून लावलं. नाकात नळी असतानाही नाकाने कांदे सोलणं चालूच होतं. शेवटी क्षितिज मला म्हणाला, "विनीता, तू तरी किती दिवस रजा घेणार?" आणि आम्ही त्यांना ठाकुरपुकुरच्या पुढे 'पांथनीड' नावाच्या वृद्धाश्रमात ठेवलं. आजारी म्हाताऱ्यांची तिथे कायमची सोय होते असं त्यांच्या जाहिरातीत होतं.

पांथनीडच्या चालक मिसेस भद्र. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तांतची, म्हणजे हातमागाची, कडक साडी, कपाळावर मोठी टिकली आणि गळ्यात मध. इथे कोणाला पेशंट म्हणायचं नाही, 'परिवार' म्हणायचं, असं त्यांनी आम्हाला आल्या आल्या शिकवलं. बाग दाखवली, देवघर दाखवलं, गाण्याचा हॉल दाखवला. नेब्युलायझरचा मास्क एकाच्या तोंडावरून काढून शेजारच्याच्या तोंडावर लावताना मी पाहिला. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इथे सगळी एकाच कुटुंबासारखी राहतात."

छातीच्या डॉक्टरांनी आम्हाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. ऑक्सिजन एक लिटर. बोटाला लावायच्या मीटरवर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव दिसलं की पुरे, शंभरच्या मागे लागायचं नाही. अशा फुप्फुसांत वापरलेली हवा साठून राहते. वरून जास्त ऑक्सिजन दिला तर ती आणखी साठते आणि माणूस गुंगायला लागतो. "पाहणाऱ्याला वाटतं छान झोप लागलीय," डॉक्टर म्हणाले होते, "आणि माणूस तसाच जातो." मी हे मिसेस भद्रना दोनदा सांगितलं, डॉक्टरांचा कागदही दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिथे युद्ध पुकारलं. बंगाली घरात संध्याकाळी धुनो फिरवतात. मातीच्या धुनुचीत नारळाच्या शेंड्या पेटवून त्यावर धूप टाकायचा, तो ठाकुरला, म्हणजे देवाला, दाखवायचा आणि धूर खोल्याखोल्यांतून न्यायचा. फुप्फुसं गेलेल्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांतून! ती धुनुची घेऊन शिउली नावाची आया त्यांच्या खोलीत आली. पस्तिशीची, काटक, कपाळाला आठी, सगळ्या म्हाताऱ्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणणारी. जळता निखारा ऑक्सिजनच्या यंत्राशेजारून चाललेला पाहून तेलाच्या डेपोतला माणूस खाटेवरून उठला, कसा कोण जाणे, आणि पाण्याचा अख्खा जग त्यांनी धुनुचीवर ओतला. निम्मं पाणी शिउलीच्या अंगावर.

"आग लगायेगी क्या? सबको जलायेगी?"

"ठाकुरका धुनो है, दादू! पाप लगेगा!"

"हमने कष्ट किया है, कष्ट! जलके मरनेके लिए नहीं!"

धुनो त्यांच्या खोलीपुरता बंद झाला. शिउली आणि ते मात्र त्या दिवसापासून एकमेकांना पाण्यात पाहू लागले. मी दर रविवारी जायची. "पाणी खाल्लं का" झालं की लगेच तक्रारी सुरू, ती बाई अशी आणि ती बाई तशी. तिचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ती बाई.

मग एका रविवारी ते शांत होते. पुढच्या रविवारी जास्त शांत. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा लालसर. मी हाक मारली तर "हं" म्हणाले आणि परत डोळे मिटले. मिसेस भद्र दारात उभ्या राहून हसल्या. "बघा, किती रुळलेत. सकाळी थोडं डोकं दुखतं म्हणतात, बाकी काही नाही. सो पीसफुल."

क्षितिजच्या चेहऱ्यावर तर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. "बाबा शेवटी निवळले गं," तो म्हणाला.

मला ते पटेना. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही, असा हा माणूस. मी समोर उभी होते, माझ्या हातात पाण्याचा पेला होता, आणि ते काही बोलले नाहीत. मी खाली वाकून यंत्र पाहिलं. किती लिटर चाललाय ते दाखवणारी नळकांड्यातली गोळी पाचाच्या पुढे नाचत होती. यंत्राला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीला आतून हिरवा चिकटा धरला होता. मी त्यांचे हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडत होते. मी गोळी एकावर आणली आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या.

हॉस्पिटलमध्ये त्यांना घट्ट मास्कच्या यंत्रावर ठेवलं. साठलेली हवा हळूहळू निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेजवळ बसलेली, त्यांनी डोळे उघडले, नीट उघडले, मास्क बाजूला ओढला आणि म्हणाले, "काय सूनबाई, पाणी खाल्लं का?"

मला रडू आलं. आणि या माणसासाठी रडू आलं म्हणून स्वतःचाच इतका राग आला, की मी उठून कॅन्टीनला गेले आणि चहा पिऊन आले.

नीट बोलायला लागल्यावर त्यांनी आरोप केला, "ती बाई मला मारतेय. ती व्हॉल्व्ह उघडते. न बोलता! मी पाहिलंय." आम्ही म्हटलं, मग दुसरी जागा बघू. तर नाही. "मला तिथेच परत ने. तिला सगळ्यांसमोर विचारायचंय मला."

म्हणून पांथनीडमध्ये, त्यांच्याच खोलीत, दरबार भरला. ते खाटेवर ताठ बसलेले, क्षितिज खिडकीशी, मी यंत्राजवळ, मिसेस भद्र खुर्चीत. शिउलीला बोलावलं. ती दाराला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. मिसेस भद्रांनी काही विचारायच्या आधीच निकाल दिला, "आम्ही हिला आजच काढून टाकतोय. आय ॲम सो सॉरी."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला समोर दिसत होतं. मी विचारलं, "एक लिटरच्या पुढे जायचं नाही, हे तुम्ही हिला सांगितलं होतं?"

"मिसेस तासगावकर, ऑक्सिजन तर चांगलीच गोष्ट आहे ना? थोडा जास्त झाला तर काय बिघडतं?"

एवढा मोठा आश्रम चालवणारी बाई हे बोलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलणार, तेवढ्यात शिउलीच बोलली. ती रडत नव्हती, चिडली होती, आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवून बोलत होती.

"निकालिए, निकालिए हमको। पहले दादूसे पूछिए, कौन बोला बढ़ानेको। सारा दिन चिल्लाता है, कष्ट, कष्ट! छाती पे हाथ मारके बोलता है, कष्ट! आदमीको कष्ट होगा तो हम देखते रहेगा? हम बढ़ा देता है। फिर बोलता है, कष्ट। फिर बढ़ा देता है।"

क्षितिजचं बंगाली कामापुरतं, त्याला कळलं नव्हतं, भद्रना तर नाहीच. त्या खोलीत दोन्ही भाषा पोटात असलेली मी एकटी होते. मला हसू फुटलं. भलत्या वेळी आलेलं, आवरेना असं हसू.

"बाबा," मी म्हटलं, "बंगालीत कष्ट म्हणजे मेहनत नाही. त्रास. धाप लागली की ही माणसं म्हणतात श्वासकष्ट. तुम्ही छातीवर हात मारून कष्ट म्हणता, हिला वाटतं तुमचा दम कोंडलाय."

"कष्ट म्हणजे कष्ट," ते म्हणाले.

"आपल्यात कष्ट करायचे असतात. यांच्यात ते होतात."

"मला काही होत नाही. मी केलेत."

तेच शिउलीला मी बंगालीत सांगितलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाली, खाटेवर पडून राहिलेला माणूस दिवसभर मेहनतीबद्दल कशाला ओरडेल?

सासरे यंत्राकडे वळले. मग त्यांचा तो डेपोतला आवाज निघाला, जो मी फक्त ऐकून होते.

"व्हॉल्व्ह खोलनेका ऑर्डर किसने दिया?"

"आपने," शिउली म्हणाली.

"लिमिट किसने बताया?"

"किसीने नहीं।"

ते मिसेस भद्रांकडे वळले. "इसको नहीं निकालना। ऑर्डर हमारा था। लिमिट बतानेका काम आपका था। हमारे डेपोमें आपको फाटकके बाहर खड़ा करते।" आणि लगेच शिउलीकडे, "लेकिन अक्कल तेरेको भी नहीं है।"

"आपको भी नहीं है," शिउली म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिथे डेपोचा नियम लागू झाला. यंत्राच्या खटक्याला हात लावण्याआधी शिउलीने मोठ्याने आकडा बोलायचा आणि त्यांनी तो परत बोलायचा. ती म्हणायची "ॲक." ते म्हणायचे "एक. ॲक नाही, एक." रोज. दोघांच्याही चेहऱ्यावर एरंडेल प्यायल्यासारखा भाव. मी त्यांना सुचवलं, कष्ट हा शब्द सोडा, हिंदीत मेहनत म्हणा. "मेहनत कोणीही करतं," ते म्हणाले. मग म्हटलं, बंगालीत म्हणा 'खेटेछि', म्हणजे राबलो. त्यांनी तोंड फिरवलं.

मी मिसेस भद्रांकडे चार गोष्टी मागितल्या. प्रत्येक यंत्रावर त्या माणसाचा आकडा मोठ्या अक्षरात. बोटाचं मीटर दर शिफ्टला लावायचं. नेब्युलायझरचा मास्क ज्याचा त्याला, आणि बाटलीतलं पाणी रोज नवं. धुनो खाली देवघरात, वर नाही. त्या सगळ्याला हो म्हणाल्या आणि आल्या-गेल्याला दिसेल तेवढंच केलं. यंत्रांवर रंगीत आकडे चिकटले, भिंतीवर खिळ्यांना मीटरं लटकली. मी दुसरीकडे जागा शोधत होते, क्षितिज म्हणत होता, "आता झालंय ना सगळं नीट?" भांडण संपलं की गोष्ट नीट झाली असं समजणाऱ्या पुरुषांपैकी माझा नवरा आहे.

दुर्गापूजेनंतर मिसेस भद्रांनी शिउलीला खाली बायकांच्या विभागात हलवलं. 'स्टाफ रोटेशन' म्हणाल्या. चारचौघांत झालेला अपमान त्या विसरल्या नव्हत्या, एवढंच ते रोटेशन. वर नवी आया आली. तिला जाता-येता कोणीतरी तोंडी सांगितलं, की त्या महाराष्ट्राच्या दादूच्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि तो कष्ट कष्ट ओरडतो तिकडे लक्ष द्यायचं नाही, ती त्याची सवय आहे. ठरलेली पद्धत नसली की अशीच अर्धवट बातमी या कानातून त्या कानात जाते. डॉक्टरांचा कागद कपाटातच होता.

जानेवारीत हवा घाण झाली. ठाकुरपुकुरला सकाळी उशिरापर्यंत धुरकट असायचं. सासऱ्यांना सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. रविवारी मी गेले तेव्हा खोकत होते, पण "पाणी खाल्लं का" म्हणाले, म्हणून मी निश्चिंत परतले. डॉक्टरांना मंगळवारी दाखवायचं ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी काय झालं ते मला शिउलीने सांगितलं, आणि तिला त्या नव्या आयाने. ती चादरी बदलत होती. म्हातारा म्हणाला, "कष्ट." ती हसली. म्हातारा परत म्हणाला, "कष्ट," या वेळी छातीवर हात न मारता. तिने शिकवल्याप्रमाणे लक्ष दिलं नाही. मग तो एकेक शब्द सोडवत बोलला.

"आमार कष्टो होच्छे। शिउलीके डाको।"

मला त्रास होतोय, शिउलीला बोलाव. 'केले' नाही, 'होच्छे'. नवी आया चादर टाकून जिन्याकडे पळाली. तिला त्या बोलण्यात नवल वाटण्याचं काही कारण नव्हतं, तिच्या भाषेतलं साधं वाक्य होतं ते.

शिउली वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. तिने भिंतीवरचं मीटर काढून बोटाला लावलं. ते लागेना, बॅटरी संपलेली होती. ती कधीपासून संपली होती देव जाणे. तिने ऑफिसला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि मला फोन करून नंबर घेऊन थेट डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, गाडी येईपर्यंत दोनवर ठेवा. ती खटक्याशी वाकली आणि सवयीने मोठ्याने म्हणाली, "दुई." त्यांच्याने बोलवत नव्हतं. त्यांनी चादरीवरची दोन बोटं उचलली. मग तिने खटका फिरवला.

हॉस्पिटलमध्ये ते तीन-चार दिवस होते, मास्कखाली, बोलणं बंद. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. एका दुपारी नर्स ओठ ओले करत होती, तेव्हा मी पुढे वाकून विचारलं, "बाबा, पाणी खाल्लं का?" त्यांनी डोळे उघडले आणि माझ्यावर वटारले. पूर्वीसारखे, पुरते वटारले. त्यानंतर डोळे उघडले नाहीत.

मी त्यांना माफबिफ काही केलेलं नाही. ते वाईट सासरे होते, बरे बाप होते आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत जगातले सगळ्यात भरवशाचे माणूस होते. त्यांना एका खिळ्यावर टांगलेल्या, बॅटरी नसलेल्या मीटरखाली मरायला सोडण्याइतके वाईट ते नव्हते.

तेराव्याला मिसेस भद्र आमच्या घरी आल्या. पांढऱ्या रजनीगंधांची भली मोठी माळ आणली होती. फोटोला घातली, हात जोडले, डोळ्यांना रुमाल लावला. पुण्याहून आलेले दोन्ही चुलत सासरे, घोषबाबू, क्षितिजच्या ऑफिसातली माणसं, सगळी बसलेली. शिउली आली होती, ती दाराशी चपलांजवळ उभी होती. मिसेस भद्रांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, या गावात अशा वेळी सगळेच म्हणतात ते वाक्य म्हटलं.

"शेषे ओनार कोनो कष्टो होयनि।" शेवटी त्यांना काही त्रास झाला नाही.

क्षितिजने मान डोलावली. मी हात सोडवून घेतला.

"होयेछिलो," मी म्हटलं. "झाला होता. त्यांनी स्वतः सांगितलं होतं. तुमच्या बंगालीत."